बाण सोडायचा की आधी मंत्र म्हणायचा? एका चालीचा हिशोब

मागच्या भागात गप्पा मारता मारता रोगलाइक खेळांचा विषय निघाला आणि मी सहज बोलून गेले, की "स्लो मंत्र कधी वापरायचा आणि कधी नाही, याचं गणित पोस्टकार्डावर मावेल." माझ्याबरोबर पॉडकास्ट करणारा मित्र लगेच म्हणाला, "मग लिही की!" तर हे ते पोस्टकार्ड. जरा लांबलंय.

खरं सांगायचं तर या गणितामागे एक दुखणं आहे. गेल्या हिवाळ्यात बाहेर गुडघाभर बर्फ होता, प्रयोगशाळा चार दिवस बंद होती, आणि मी एक तिरंदाज पात्र घेऊन रोज रात्री थोडी थोडी खोल उतरत होते. तीन आठवडे सांभाळलेलं ते पात्र एका ओगरने चार चालींत संपवलं. माझ्या हातात धनुष्य होतं, भात्यात बाण होते आणि मागे एकाच घरावर वर जाणारा जिना होता. तरीही मी मेले, कारण त्या चार चालींपैकी दोन मी मंत्र म्हणण्यात घालवल्या.

आधी खेळाबद्दल दोन शब्द

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८० च्या सुमारास अमेरिकेत विद्यापीठांच्या संगणकांवर 'रोग' नावाचा एक खेळ पसरला. मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन यांनी तो लिहिला आणि पुढे केन अर्नोल्डही त्यात आला. तळघराचा नकाशा दर वेळी नवा बनतो, खेळ बुद्धिबळासारखा चालीचालीने पुढे सरकतो आणि मेलात की मेलात, जुन्या जागेवरून पुन्हा सुरू करण्याची सोय नाही. या तीन गोष्टी ज्यात आहेत त्या खेळांना 'रोगसारखे' म्हणून रोगलाइक म्हणतात.

मी खेळते तो 'डंजन क्रॉल स्टोन सूप'. लिनली हेन्झेलने तो मूळ क्रॉल १९९७ मध्ये लोकांसमोर आणला. २००६ मध्ये काही उत्साही मंडळींनी तो पुढे चालवायला घेतला आणि नावाला 'स्टोन सूप' जोडलं. दगड उकळत ठेवणाऱ्या वाटसरूच्या भांड्यात गावातला प्रत्येक जण काहीतरी टाकतो आणि शेवटी खरंच सूप होतं, ती गोष्ट. खेळ फुकट आहे, कोड उघडा आहे आणि ब्राउझरमध्येही चालतो. तळघराच्या तळाशी 'ऑर्ब ऑफ झॉट' आहे, तो घेऊन जिवंत वर यायचं. एवढंच काम, पण बहुतेक पात्रं पहिल्या काही मजल्यांतच संपतात.

या खेळाच्या माहितीपुस्तिकेत त्याचं तत्त्वज्ञान लिहून ठेवलंय, आणि त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो. खेळाडूपुढे येणारा प्रत्येक निर्णय खरा निर्णय असावा, डोकं बाजूला ठेवून नेहमी करावी अशी गोष्ट खेळात असू नये. स्लो मंत्र हे त्याचं छान उदाहरण आहे. मी मात्र तो डोकं बाजूला ठेवून वापरत होते.

तिरंदाजाची खरी संपत्ती: पावलं

तलवारवाला आणि तिरंदाज यांच्यातला फरक नुकसानीचा नाही. तलवारवाला पहिला घाव घालतो तेव्हा समोरचाही घाव घालू शकतो. तिरंदाजाला मात्र राक्षस अंगाशी येईपर्यंत एकतर्फी मारता येतं. म्हणजे त्याच्यापाशी साठवलेली संपत्ती असते ती राक्षसाला अजून चालायच्या असलेल्या पावलांची.

क्रॉलमध्ये उजेडात साधारण सात घरांपर्यंत दिसतं. सात घरांवर दिसलेल्या राक्षसाला शेजारच्या घरात यायला सहा पावलं लागतात. त्याचा वेग आपल्याइतकाच असेल, तर आपल्याला सहा चाली मिळतात. एका चालीत एक बाण धरला तर सहा बाण. त्यानंतर त्याचा सोटा आणि आपलं डोकं.

आता स्लो मंत्र काय करतो? राक्षसाला एक ओरखडाही काढत नाही. लागला तर त्याची प्रत्येक हालचाल दीडपट वेळ घेते. आपण तीन चाली करू तेवढ्यात तो दोनच करतो. पाऊल असो की फटका, सगळंच तसं. 'सहाय्यक मंत्र' म्हणतात ते हेच, मारायचं काम बाणाचं आणि मंत्राने फक्त बाणाला वेळ मिळवून द्यायचा.

पण मंत्र म्हणायलाही एक चाल लागते. त्या चालीत बाण सुटत नाही आणि राक्षस एक पाऊल जवळ येतो. म्हणजे हा व्यवहार सरळ सरळ गुंतवणुकीचा आहे. एक चाल आत्ता द्यायची आणि पुढे थोड्या थोड्या वसूल करायच्या. प्रश्न एवढाच, की वसुली कधी पूर्ण होते?

पहिला हिशोब: तो येईपर्यंत

सहा पावलं दूर असलेला राक्षस घ्या. मंत्र न म्हणता सहा चाली मिळतात. मंत्र म्हटला आणि लागला, तर एक पाऊल त्याने खाल्लं, उरली पाच, आणि प्रत्येकाला दीड चाल. एकूण साडेसात. म्हणजे दीड चालीचा फायदा. आणि लागला नाही तर? नुसत्या पाच. एक चाल फुकट गेली.

हो, मंत्र लागेलच असं नाही. क्रॉलमध्ये प्रत्येक राक्षसाची 'विलपॉवर' असते. आपण त्याला मनोबल म्हणू. मनोबल जास्त असेल तर मंत्र झटकला जातो. काहींवर असले मंत्र मुळीच चालत नाहीत. चांगली गोष्ट म्हणजे मंत्राचा नेम धरताना खेळ पडद्यावर टक्केवारी दाखवतो, तेव्हा अंदाजपंचे खेळायची गरज नाही.

सरासरीने तोटा होऊ नये यासाठी ती टक्केवारी निदान किती हवी, हे काढणं सोपं आहे. सहा पावलं दूर असेल तर ४० टक्के. पाच पावलांवर ५० टक्के. चार पावलांवर सुमारे ६७ टक्के. तीन पावलांवर पूर्ण १०० टक्के, म्हणजे खात्रीने लागला तरी फक्त बरोबरी. आणि दोन पावलांवर? लागला तरी तोटाच. मंत्र न म्हणता दोन चाली मिळाल्या असत्या, म्हटल्यावर दीडच.

हे आकडे ज्यांना लक्षात ठेवायचेत त्यांच्यासाठी सूत्र: दोनला 'पावलं वजा एक' ने भागा. उत्तर आलं तेवढी शक्यता तरी हवी.

यात एक गंमत आहे. धनुष्य ओढायला तुमच्या पात्राला किती वेळ लागतो, याचा या सूत्राशी काही संबंध नाही. शिकाऊ तिरंदाजाला एक बाण सोडायला एका चालीपेक्षा जास्त वेळ लागतो, पण मंत्र न म्हणता आणि मंत्र म्हणून मिळणारा वेळ दोन्हीकडे त्याच बाणाने भागला जातो, त्यामुळे तुलना तीच राहते. "मी हळू मारते म्हणून मला स्लो जास्त उपयोगी" असं मला वाटायचं. निदान राक्षस अंगाशी येईपर्यंतच्या हिशोबात ते खोटं आहे.

दुसरा हिशोब: पूर्ण लढाईचा

इथे तुम्ही म्हणाल, "अगं, पण अंगाशी आल्यावरही तो मंदच असतो ना?" बरोबर. तेव्हाही तीन चालींत तो दोनच फटके मारतो. म्हणजे राक्षस कुठेही असो, मंत्र लागल्यानंतर आपल्या दर तीन चालींमागे त्याची एक कृती वाचते. मंत्राला दिलेली एक चाल वसूल व्हायला त्यानंतर तीन चाली लढाई चालली पाहिजे.

शक्यता धरली तर नियम असा होतो: तीनला शक्यतेने भागा. मंत्रानंतर लढाई निदान तेवढ्या चाली चालणार असेल तरच तो परवडतो. ७५ टक्के असतील तर चार चाली. ६० टक्के असतील तर पाच. ५० टक्के असतील तर सहा. ३० टक्के असतील तर दहा, आणि तिथे सोडून दिलेलंच बरं, कारण मंत्राचा असर कायमचा नसतो. दहा चालींनंतरच्या फायद्यावर भरवसा ठेवायचा आणि त्याआधीच असर उतरायचा!

लढाई किती चाली चालेल हे कसं ठरवायचं? समजा राक्षसाचा जीव ३०, आपला बाण लागला तर सरासरी ६ काढतो आणि चारातले तीन बाण लागतात. म्हणजे दर बाणामागे साडेचार. तीसला साडेचारने भागलं की जवळपास सात बाण. एका चालीत एक बाण सुटत असेल तर सात चाली. आणि शक्यता ५५ टक्के असेल तर तीन भागिले ०.५५, म्हणजे साडेपाच. सात हे साडेपाचपेक्षा जास्त, तेव्हा मंत्र परवडतो. पण तोच राक्षस आधीच अर्धमेला असेल, तीन बाणांत पडणार असेल, तर मंत्र म्हणणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. सरळ बाण सोडा.

इथे शिकाऊ तिरंदाजाला थोडा न्याय मिळतो. त्याची लढाई जास्त चाली चालते, म्हणून या दुसऱ्या हिशोबात मंत्र त्याला लवकर परवडतो.

मग मी मेले कशी?

आता त्या रात्रीकडे. दरवाजा उघडला आणि समोर ओगर. अंगाशी यायला त्याला दोनच पावलं लागणार होती. शक्यता ५५ टक्के. वर दिलेलं सात बाणांचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही, माझं पात्र साधारण तसंच होतं. दुसऱ्या हिशोबाने मंत्र परवडत होता. पहिल्या हिशोबाने अजिबात नाही.

मंत्र म्हटला, लागला नाही. ओगर एक पाऊल पुढे. "पुन्हा म्हणू, दोनदा सलग थोडाच चुकेल?" म्हणजे जुगाऱ्याची नेहमीची चूक, तीही आकडेवारीवर पोट भरणाऱ्या बाईने करावी. पुन्हा लागला नाही. ओगर शेजारी. मग घाबरून एक बाण सोडला आणि सोटा बसला. आणखी एक बाण, आणखी एक सोटा. खेळ खल्लास.

दोन वेगवेगळे प्रश्न मी एकच समजत होते, हे नंतर वहीत आकडे मांडल्यावर कळलं. पहिला प्रश्न: या लढाईत मंत्राची किंमत वसूल होईल का? दुसरा: ती किंमत आत्ता द्यायला माझ्याकडे आहे का? पहिल्याचं उत्तर राक्षसाच्या उरलेल्या जिवावर ठरतं, दुसऱ्याचं त्याच्या उरलेल्या पावलांवर आणि आपल्या उरलेल्या जिवावर. पहिला मंत्र फुकट गेल्यावर ओगरचा जीव तेवढाच होता, म्हणून दुसरा हिशोब अजूनही "म्हण" असंच सांगत होता. पण माझी पावलं संपत आली होती. सरासरीने फायद्याचा सौदाही, खिशात भांडवल नसेल तर माणसाला बुडवतो. शेअर बाजारात हात पोळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि तो जिना! क्रॉलमध्ये शेजारी उभा असलेला राक्षस तुमच्यामागे जिना चढून येतो, दूर असलेला येत नाही. ओगर दोन पावलांवर असताना मी एक घर मागे सरकून जिन्यावर आले असते, तर तोही एकच पाऊल पुढे आला असता. अंतर तेवढंच. पुढच्या चालीला मी वर गेले असते आणि तो खालीच राहिला असता. म्हणजे काही न गमावता सुटका होती. मंत्र की बाण, या प्रश्नात मी इतकी अडकले की तिसरं उत्तर दिसलंच नाही.

लागला तर पुढे काय?

मंत्र लागला की बरेच जण पाय रोवून बाण मारत बसतात. मंद राक्षसाचा खरा फायदा मागे सरकण्यात आहे. दोन घरं मागे जा आणि एक बाण सोडा. या तीन चालींत तो दोन पावलं चालतो, म्हणजे अंतर पुन्हा होतं तेवढंच आणि बाण फुकट. मात्र हे तो अंगाशी यायच्या आधी सुरू करा. नव्या आवृत्त्यांत शेजारच्या राक्षसापासून दूर सरकलात तर त्याला कधीकधी जास्तीचा फटका मारता येतो. शिवाय राक्षसांच्या वेळेत थोडी यादृच्छिकता मुद्दाम घातलेली आहे, त्यामुळे 'दोन पावलं, एक बाण' घड्याळासारखं चालेल असं धरू नका. एक घर हाताशी राखून ठेवा. आणि मागची वाट आधी पाहून घ्या, न पाहिलेल्या खोलीत पाठमोरं शिरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

इतर सहाय्यकांशी तुलना

स्लोचा उलटा भाऊ म्हणजे हेस्ट, आपला स्वतःचा वेग वाढवणारा. क्रॉलमध्ये त्याची बाटली मिळते. प्यायली की आपली प्रत्येक कृती दोन तृतीयांश वेळात होते. एकाच राक्षसाविरुद्ध गणित हुबेहूब तेच: आपल्या तीन चाली, त्याच्या दोन. पण तिथे मनोबलाची भानगड नाही, असर नक्की होतो. आणि समोर पाच कोल्हे असतील तर हेस्ट पाचांनाही आपल्यापुढे मंद करतो, स्लो एकालाच. टोळीवर स्लो म्हणजे पाच गळक्या नळांपैकी एकाला फडकं बांधणं.

मग नेहमी हेस्ट का नाही? कारण बाटल्या मोजक्या. स्लोसाठी लागणारी जादूची शक्ती थोड्या विश्रांतीने परत भरते. म्हणून रोजच्या लढाईला स्लो, आणि जिवावर बेतलं की हेस्ट. आपल्याकडे सोनं मोडतात तसं ते, वेळ आल्याशिवाय नाही आणि वेळ आल्यावर लाजायचं नाही.

तिसरा प्रकार वेळेऐवजी जागेशी खेळतो. क्रॉलच्या आधीच्या काही आवृत्त्यांत 'पोर्टल प्रोजेक्टाइल' नावाचा मंत्र होता. सोडलेला बाण मधली घरं ओलांडून थेट लक्ष्यापाशी प्रकट व्हायचा. पुढे चिल्लर राक्षसांची रांग आणि मागे त्यांचा मांत्रिक, अशा वेळी तो सोन्यासारखा. पण एकटा ओगर मोकळ्या जागेतून येत असेल तर त्याचा फारसा उपयोग नव्हता, कारण अडचण जागेची नसून वेळेची होती. आपल्याला नक्की कशाची टंचाई आहे हे ओळखलं की कोणता सहाय्यक हवा ते आपोआप ठरतं.

पोस्टकार्ड

तर, मित्राला कबूल केलेलं पोस्टकार्ड असं:

१. राक्षस दिसताक्षणी पावलं मोजा. तीन किंवा कमी असतील तर स्लो विसरा. बाण, जिना किंवा बाटली.

२. चार ते सहा असतील तर पडद्यावरची टक्केवारी बघा. ६७, ५०, ४० हे आकडे पाठ करा.

३. राक्षस पडायला किती चाली लागतील याचा अंदाज घ्या. तीन भागिले शक्यता यापेक्षा कमी असतील तर मंत्र नको.

४. पहिला मंत्र फुकट गेला तर दुसरा म्हणण्याआधी पावलं पुन्हा मोजा. मघाचं उत्तर आता लागू नाही.

५. लागला तर उभे राहू नका, मागे सरका.

हे लिहून झाल्यावर मित्राला वाचायला दिलं. तो हसून म्हणाला, "हे तर तुझ्या यंत्राच्या कॅलिब्रेशनचं वर्णन आहे." झोंबलं, पण खोटं नव्हतं. मोजमापाआधी यंत्र जुळवण्यात एक दिवस घालवावा का? पुढे महिनाभर मोजायचं असेल तर जरूर. यंत्र उद्या दुपारी दुसऱ्या गटाला द्यायचं असेल तर आहे तसं वापरा आणि मोजायला लागा. तयारीची किंमत कामाच्या वेळेतूनच वजा होते, आणि ती तयारी आहे म्हणून आपल्याला फुकट वाटते.

माझं नवं पात्र सध्या सातव्या मजल्यावर आहे. काल एक ओगर भेटला, सहा पावलांवर, शक्यता ५८ टक्के. मंत्र म्हटला, लागला नाही. पावलं पुन्हा मोजली: पाच. ५० टक्के पुरे होते, म्हणून पुन्हा म्हटला, आणि लागला. शेवटचा बाण सोडला तेव्हा तो माझ्यापासून दोन घरांवर होता. तुमचे ओगर कुठे भेटले आणि तुम्ही काय केलंत, ते पुढच्या भागासाठी जरूर कळवा. आम्ही दोघंही वाट बघतोय.